तीन वेळा ऐकल्याशिवाय बोलायचं नाही

पार्श्वभूमी

पुण्यात आमची शनिवारची एक बैठक असते. सात जण, पेठेतल्या एका इमारतीचा चौथा मजला, जुना पण दणकट अँप्लिफायर, दोन उभे स्पीकर आणि शेजाऱ्यांशी झालेला तह: साडेनऊला आवाज बंद. पंधरा दिवसांतून एकदा जमायचं, एक अल्बम सलग ऐकायचा, मग चहा आणि भांडण. बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. २०२१च्या सप्टेंबरात आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ‘सेंजुत्सू’ हा अल्बम आला आणि बैठक मोडायची वेळ आली. त्याचीच ही हकीकत. माणसांची नावं देत नाही, एकमेकांना चिडवतो ती टोपणनावंच वापरतो.

बँकवाले सगळ्यांत वडील, तेव्हा चोपन्न वर्षांचे. अकरावीत असताना त्यांनी नव्वद मिनिटांची कॅसेट भरून घेतली होती. एका बाजूला ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, दुसऱ्या बाजूला ‘पीस ऑफ माइंड’. दुसरा अल्बम पंचेचाळीस मिनिटांहून किंचित मोठा, त्यामुळे शेवटचं ‘टू टेम अ लँड’ त्यांच्या कॅसेटवर संपता संपता तुटायचं. गाणं असंच संपतं, अशी त्यांची कित्येक वर्षं समजूत होती. पुढे सीडी घेतली तेव्हा उरलेले काही क्षण ऐकून ‘हे कुणी जोडलं?’ असं वाटलं, हे ते स्वतःच सांगतात.

साउंडवाला गॅदरिंगपासून गणपतीपर्यंत सगळीकडे साउंड लावतो. त्याची मावसबहीण, आमची कॉलेजवाली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शाळेत इतिहास शिकवणाऱ्या एक बाई आहेत. आर्किटेक्ट असलेले दोघे भाऊ आहेत, त्यांचं एकमेकांशी कधी पटत नाही. आणि मी. माझं काम वही ठेवायचं: कोणत्या तारखेला काय ऐकलं, कोण आलं नव्हतं, बिस्किटं कुणी आणली.

बँडबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९८० ते १९८४ दरवर्षी एक अल्बम, हा मेडनचा सुरुवातीचा झपाटा. ब्रूस डिकिन्सन १९८२च्या ‘नंबर ऑफ द बीस्ट’पासून गायला लागला, १९९३मध्ये सोडून गेला. मधे ब्लेझ बेलीबरोबर दोन अल्बम झाले, ‘द एक्स फॅक्टर’ (१९९५) आणि ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ (१९९८). १९९९मध्ये डिकिन्सन आणि गिटारिस्ट एड्रियन स्मिथ दोघेही परतले, पण मधल्या काळातला गिटारिस्ट यानिक गर्स याला कुणी काढलं नाही. तेव्हापासून तीन गिटारी. बँडच्या या सहा जणांनी २०००पासून सहा अल्बम केले: ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, ‘डान्स ऑफ डेथ’ (२००३), ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ (२००६), ‘द फायनल फ्रंटियर’ (२०१०), ‘द बुक ऑफ सोल्स’ (२०१५) आणि ‘सेंजुत्सू’. आमच्याकडे भांडणं होतात ती या सहांवरून.

अडचण

‘सेंजुत्सू’ शुक्रवारी, ३ सप्टेंबरला आला. जवळजवळ ब्याऐंशी मिनिटांचा. शनिवारी संध्याकाळी आम्ही जमलो तेव्हा निकालपत्रं तयार होती.

बँकवाले म्हणाले, “म्हातारे झाले. आता थांबावं. घोडा टांग्याला जुंपलाय.”

कॉलेजवालीने विचारलं, “काका, तुम्ही पूर्ण ऐकला तरी का?”

“सहाव्या गाण्यापर्यंत. सकाळी फिरायला गेलो तेव्हा.”

“मग?”

“मग फिरणं संपलं.”

सगळे हसले, पण बँकवाल्यांना ते लागलं. त्यांनी उलट विचारलं, “तू त्यांचा १९८४चा ‘पॉवरस्लेव्ह’ किती वेळा ऐकलायस?” ती म्हणाली, “एकदा. बरा आहे.” ‘बरा आहे’ हे दोन शब्द त्या खोलीत असे पडले की पुढची पाच मिनिटं कुणी बिस्किटाला हात लावला नाही. नंतर धाकट्या आर्किटेक्टने बँकवाल्यांची बाजू घेतली, म्हणून थोरल्याने मुलीची घेतली. पुढच्या बैठकीला चार जण आले. त्याच्या पुढच्या बैठकीला तीन.

वहीत मी त्या दिवशीचे आक्षेप लिहून ठेवले होते. नंतर वाचताना जाणवलं की त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या होत्या.

पहिली लांबीची. ही खरीच आहे. ‘नंबर ऑफ द बीस्ट’ मूळचा आठ गाण्यांचा, जेमतेम एकोणचाळीस मिनिटांचा. ‘सेंजुत्सू’ची शेवटची तीनच गाणी, ‘डेथ ऑफ द केल्ट्स’, ‘द पार्चमेंट’ आणि ‘हेल ऑन अर्थ’, चौतीस मिनिटं घेतात. तिन्ही बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसने एकट्याने लिहिलेली, तिन्ही हळू सुरुवातीची. ‘बुक ऑफ सोल्स’ तर ब्याण्णव मिनिटांचा, त्यांचा पहिला दुहेरी स्टुडिओ अल्बम. विनाइलच्या जमान्यात दोन बाजूंना मिळून चाळीस-पन्नास मिनिटंच मावायची, म्हणून कात्री आपोआप लागायची. सीडीने ती कात्री काढून घेतली आणि बँडनेही ती परत मागितली नाही.

दुसरी तक्रार आवाजाची, म्हणजे ध्वनिमुद्रणाची. २०००पासून निर्माता केविन शर्ली. सगळ्यांनी एका खोलीत एकत्र वाजवायचं, फार घासूनपुसून घ्यायचं नाही, ही त्याची पद्धत. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ तर वेगळं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, न फिरवताच बाहेर आला. साउंडवाल्याला हे आवडतं, थोरल्या आर्किटेक्टला ते ‘गोधडीखालून ऐकल्यासारखं’ वाटतं.

तिसरी तक्रार कुणी तोंडाने काढली नाही. ती वयाची होती, आणि बँडच्या वयाची फारशी नव्हतीच.

समोरचे पर्याय

ऑक्टोबरात आम्ही तिघं, म्हणजे बाई, साउंडवाला आणि मी, अमृततुल्यात बसलो. बैठक वाचवायची तर काय करावं?

सगळ्यांत सोपं म्हणजे विषयच बंद करायचा. मेडन वर्ज्य. पुढचा महिना जेथ्रो टल हा दुसरा बँड. बाईंनी हे लगेच मोडीत काढलं. त्यांचं म्हणणं, वर्गात ज्या विषयावरून मारामारी होते तो विषय टाळला तर मारामारी डब्याच्या सुट्टीत होते.

दुसरा पर्याय गुणांचा. प्रत्येक अल्बमला दहापैकी गुण, सरासरी काढायची, भिंतीवर लावायची. मला हा मोह फार होता, वही माझ्याच हातात असते ना. पण दोन ऐकण्यांवर दिलेले सहा आणि दोनशे ऐकण्यांवर दिलेले नऊ यांची सरासरी म्हणजे काय, याचं उत्तर मला देता येईना.

तिसरा, बाहेरचा पुरावा आणायचा. पुरावा होताही. ‘फायनल फ्रंटियर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या ‘एल डोराडो’ला २०११मध्ये ग्रॅमी मिळालं, बँडचं पहिलंच. ‘सेंजुत्सू’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर पोचला, इतक्या वर तिथे त्यांचा एकही जुना अल्बम गेला नव्हता. पण हे आकडे बँकवाल्यांपुढे ठेवून काही होणार नव्हतं. विक्रीच्या याद्या बदलल्या, रेकॉर्ड विकत घेणारी माणसं उरली किती, हे ते आम्हाला सांगतील आणि बरोबरच सांगतील. शिवाय त्यांच्याकडे याहून भारी पुरावा होता: खुद्द बँड.

१ फेब्रुवारी २००८ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनच्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला. डिकिन्सन स्वतः वैमानिक, बोइंग ७५७ चालवत बँडला आणि सामानाला घेऊन आला होता. बँकवाले तिथे होते. शाखेतून दोन दिवसांची रजा, डेक्कन क्वीन, परत येताना घसा पार गेलेला. त्या रात्री वाजलेलं सगळ्यांत ‘नवं’ गाणं होतं ‘फिअर ऑफ द डार्क’, १९९२चं. बाकी सगळं ऐंशीच्या दशकातलं. बँकवाल्यांचा युक्तिवाद इथे संपतो: त्यांनाच जर नवं वाजवावंसं वाटत नाही, तर मी का ऐकू?

याला उत्तर आहे, पण ते अर्धंच. तो दौरा मुळातच जुन्या गाण्यांचा म्हणून जाहीर झाला होता. त्याआधी २००६मध्ये याच बँडने उलट हट्ट केला होता: ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, सत्तरएक मिनिटं, रोज स्टेजवर. लोक कुरकुरले. २००७च्या मार्चमध्ये बंगळूरला भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला तोवर नव्या अल्बममधली पाचच गाणी उरली होती. बँड आणि चाहते यांच्यातली रस्सीखेच तिथे उघड दिसते. आपल्याकडे हे नवं नाही. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करत राहिले आणि प्रेक्षक ठरलेल्या पदांनाच वन्स मोअर देत राहिले. मागणारे आणि देणारे दोघेही राजी असले की दोष कुणाला द्यायचा?

चौथा पर्याय साउंडवाल्याचा: डोळे बांधून, म्हणजे नाव न सांगता तुकडे ऐकवायचे. पाचवा बाईंचा: सहाही अल्बम क्रमाने, महिन्याला एक, आणि ज्याने तो घरी तीन वेळा पूर्ण ऐकला असेल त्यानेच बैठकीत बोलायचं.

आम्ही चौथा करून पाहायचं ठरवलं आणि पाचवा राखीव ठेवला. निर्णयाची ही पहिली जागा, आणि इथे आम्ही चुकलो.

काय केलं

साउंडवाल्याने खपून अठरा तुकडे कापले, मेडनच्या जुन्या-नव्या गाण्यांचे, प्रत्येकी चाळीस सेकंदांचे, गायन नसलेले. नोव्हेंबरच्या पहिल्या बैठकीला सातही जण आले (कुतूहलाने, समेटासाठी नाही). पहिला तुकडा सुरू झाला आणि तीन सेकंदांत बँकवाले म्हणाले, “‘रेव्हलेशन्स’.” दुसरा, “‘व्हेअर ईगल्स डेअर’, ड्रमचा पहिलाच फटका.” तिसरा मला ओळखता आला, ‘घोस्ट ऑफ द नॅव्हिगेटर’. ज्याला जे पाठ होतं ते त्याने ओळखलं आणि ओळखलं म्हणून ते त्याला आवडलं. जे ओळखता आलं नाही ते ‘नवं असणार, तेच तेच वाटतंय’. खेळ म्हणून मजा आली, चाचणी म्हणून शून्य. फक्त कॉलेजवालीच्या उत्तरांत काहीतरी होतं: तिला जुनं-नवं कळतच नव्हतं. ‘पीस ऑफ माइंड’मधल्या एका तुकड्याला तिने ‘हे शेवटच्या अल्बममधलं ना?’ विचारलं. बँकवाल्यांनी कपाळाला हात लावला, पण दुखावले नाहीत. उलट जरा खूश झाले.

मग बाईंचा मार्ग. तीनचा आकडा का, याला शास्त्र नाही. पहिल्यांदा माणूस आपण काय शोधतोय तेच ऐकतो, दुसऱ्यांदा काय नाहीये ते ऐकतो, तिसऱ्यांदा कंटाळून का होईना समोर जे आहे ते ऐकतो, असं बाईंचं म्हणणं. मी वहीत एक नवा रकाना आखला: ‘पहिल्यांदा कधी ऐकला, तेव्हा वय, आजवर किती वेळा.’ अंदाजे चालेल, पण लिहायचंच.

हा रकाना पहिल्याच दिवशी बोलला. आवडता अल्बम आणि तो पहिल्यांदा ऐकला तेव्हाचं वय शेजारी शेजारी आले. सातपैकी पाच जणांचं वय पंधरा ते एकवीसमध्ये पडलं. त्यात मीही. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आला. हॉस्टेलच्या खोलीत वॉकमनला दोन छोटे स्पीकर लावून आम्ही तो रात्र रात्र ऐकला. तो मेडनच्या सर्वोत्तम तीनात बसतो हे माझं मत मी इतकी वर्षं युक्तिवादाने मांडत होतो, आणि वहीत ते एका ओळीत उघडं पडलं. बँकवाल्यांनी वही हातात घेतली, माझं वाचलं, स्वतःचं वाचलं आणि चष्मा पुसला.

‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आणि ‘डान्स ऑफ डेथ’ या बैठका सोप्या गेल्या. पहिल्यावर फारसे मतभेद नव्हतेच. हॅरिसने वडिलांच्या आठवणीत लिहिलेलं ‘ब्लड ब्रदर्स’ संपल्यावर थोरला आर्किटेक्ट उठून गॅलरीत गेला, एवढं वहीत आहे. दुसऱ्याचं मुखपृष्ठ, ते संगणकावर अर्धवट राहिल्यासारखं चित्र, पाहून हसून झालं, ज्याने काढलं त्यानेही त्यावर आपलं नाव नको म्हटलं होतं. पण ‘पॅशनडेल’ला बाईंनी पंधरा मिनिटं घेतली: १९१७चा चिखल, पाऊस, खंदक. त्यांना ते गाणं दहावीच्या वर्गात लावायचंय, मुख्याध्यापक काय म्हणतील याचा अंदाज घेणं चालू आहे.

जानेवारीत कोरोनाची तिसरी लाट आली आणि बैठक महिनाभर बंद राहिली. गंमत म्हणजे त्याचा फायदा झाला. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ सगळ्यांच्या घरी दोन महिने पडून होता, तीनच्या जागी काहींनी तो सात-आठ वेळा ऐकला. सहा अल्बमांत मतं सगळ्यांत जास्त हलली ती याच्यावर. धाकटा आर्किटेक्ट, जो याला ‘युद्धावरची पीएचडी’ म्हणायचा, त्याने स्वतःहून ‘फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड’ परत लावायला सांगितलं. अल्बम चांगला म्हणून मत हललं की जास्त ऐकला म्हणून, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

‘फायनल फ्रंटियर’ची बैठक वाईट झाली. सुरुवातीलाच साडेचार मिनिटं नुसतं ढोल-ताशाचं पथक तालमीला बसल्यासारखं चालतं. शेजारी वर आले. अल्बम अर्धाच ऐकला.

आता ज्या दोन जागांवर बैठक खऱ्या अर्थाने वळली त्या सांगतो.

पहिली मार्चमधली. ‘बुक ऑफ सोल्स’ चालू होता. बँकवाल्यांनी नेहमीचा मुद्दा काढला: जुन्या अल्बमांत भरताड नव्हतं, आठच्या आठ गाणी सोनं. यावर कॉलेजवालीने काहीही न बोलता वहीच्या मागच्या पानावर ‘नंबर ऑफ द बीस्ट’मधली आठ नावं लिहिली आणि पान त्यांच्यापुढे सरकवलं. “काका, यातली तुम्ही गुणगुणून दाखवा. सगळी.” त्यांनी ‘चिल्ड्रन ऑफ द डॅम्ड’ दाखवलं. ‘रन टू द हिल्स’ला तर सगळेच मागे लागले. ‘हॅलोड बी दाय नेम’ची सुरुवातीची घंटा त्यांनी चमच्याने कपावर वाजवली. सातव्या नावाशी ते थांबले. ‘गँगलँड.’ ओठ हलले, चाल येईना. आणखी एकदा प्रयत्न केला, आलं ते ‘इन्व्हेडर्स’ होतं. मग ते म्हणाले, “कॅसेटवर हे आलं की मी पुढे पळवायचो. ‘हॅलोड’साठी.”

खोलीत कुणी टाळी वाजवली नाही हे बरं झालं. चाळीस वर्षं हे गाणं त्यांच्या सुवर्णकाळातून त्यांनीच बोटाने पुढे ढकलून दिलं होतं. खुद्द हॅरिसने ‘टोटल एक्लिप्स’ऐवजी ‘गँगलँड’ अल्बमवर घेतल्याबद्दल नंतर पस्तावा बोलून दाखवला आहे. जुन्या अल्बमची छाटणी आपण कधीच करून बसलेलो असतो, आणि नवा मात्र टरफलासकट चावायला लागतो. त्या दिवशी मला हे नीट दिसलं. लगेच पुढे आम्ही ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’ ऐकलं, अठरा मिनिटं, डिकिन्सन पियानोवर. बाईंनी आधी आर-१०१ या ब्रिटिश हवाई जहाजाची गोष्ट सांगितली: ऑक्टोबर १९३०, पहिल्या मोठ्या प्रवासात फ्रान्समध्ये कोसळलं, ४८ माणसं गेली. बँकवाले डोळे मिटून बसले होते. झोपले की काय म्हणून मी पाहिलं, तर गुडघ्यावर बोटं चालू होती.

दुसरी जागा ‘सेंजुत्सू’ची, शेवटच्या बैठकीतली. नियमाप्रमाणे बँकवाल्यांनी तीनदा ऐकला होता, वहीत तारखा होत्या. ते म्हणाले, “लांब आहे. अजूनही म्हणतो. ‘पार्चमेंट’ची पाच मिनिटं मी फुकट देईन. पण शेवटचं लाव.” ‘हेल ऑन अर्थ’ला सुरुवातीची दोन मिनिटं नुसती स्वच्छ गिटार, बेस, मागे कीबोर्ड. साउंडवाल्याने आवाज थोडा चढवला. मेडनची ती टापांच्या तालाची घोडदौड सुरू झाली तशी, मला मान्य करायला हवं, ती ऐंशीच्या दशकातली घोडदौड नाही. वेग कमी, वजन जास्त. डिकिन्सन वरच्या स्वरांना जातो तेव्हा ताण ऐकू येतो. अकरा मिनिटांनी सगळं परत त्या पहिल्या शांत सुरावटीवर येऊन विरतं.

“हे आणखी दोन मिनिटं आधी संपवता आलं असतं,” बँकवाले म्हणाले.

कॉलेजवाली म्हणाली, “तुमच्या कॅसेटवर संपलं असतं.”

आता मात्र सगळ्यांच्या आधी तेच हसले.

निकाल

बैठक वाचली, सातपैकी सहा जणांसह. धाकटा आर्किटेक्ट मे महिन्यानंतर येईनासा झाला. त्याचं म्हणणं, गाणं ऐकायला यायचं की गृहपाठ तपासून घ्यायला? ही तक्रार मी हलकी मानत नाही.

मतांचं म्हणाल तर कुणी धर्म बदलला नाही. बँकवाल्यांच्या लेखी ‘पीस ऑफ माइंड’ अजून वरच आहे. पण ‘२०००नंतर काही नाही’ हे वाक्य त्यांनी सोडलं. त्याच्या जागी आता ‘अ मॅटर’ पूर्ण, ‘बुक ऑफ सोल्स’मधली चार आणि ‘सेंजुत्सू’मधली तीन, अशी यादी आहे. म्हणजे त्यांनी पुढे पळवायचं बटण नव्या अल्बमांनाही लावलं, आणि तसं ऐकल्यावर त्यांना मेडन परत सापडला. कॉलेजवालीने ‘पॉवरस्लेव्ह’ नऊ वेळा ऐकला. आता ‘बरा आहे’ म्हणत नाही. ‘राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ पावणेचौदा मिनिटांचं आहे, मग लांबीची तक्रार १९८४मध्ये का नव्हती, एवढंच विचारते. याला आमच्याकडे चांगलं उत्तर नाही. मला वाटतं त्या अल्बमवर ते एकच तसं होतं, आणि इथे एकामागून एक तीन येतात. तिला हे पटलेलं नाही.

नंतरच्या दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. त्याच वर्षी, २०२२च्या नोव्हेंबरात, ‘नंबर ऑफ द बीस्ट’ची चाळिशीची विनाइल आवृत्ती निघाली, त्यातून ‘गँगलँड’ काढून ‘टोटल एक्लिप्स’ घातलं होतं. बँकवाल्यांनी बातमी वाचून मला रात्री अकराला फोन केला आणि ते गाणं काढल्याबद्दल पंधरा मिनिटं संताप केला. २०२३च्या दौऱ्यात मेडनने ‘सेंजुत्सू’ची पाच गाणी १९८६च्या ‘समव्हेअर इन टाइम’च्या गाण्यांशेजारी वाजवली, त्यात ‘हेल ऑन अर्थ’ होतंच. कॉलेजवाली जिंकली असं वाटलं. मग २०२५चा पन्नाशीचा दौरा आला, आणि त्यात १९९२नंतरचं एकही गाणं नाही. बँकवाल्यांनी ती यादी आमच्या ग्रुपवर टाकली. खाली एक शब्दही लिहिला नाही.

पुन्हा करायचं तर

डोळे बांधण्याचा खेळ सगळ्यांत आधी घ्यायला नको होता. ओळखण्याची शर्यत लागली आणि ज्याची पाठांतरं जास्त तो जाणकार, हे पुन्हा ठसलं. घ्यायचाच होता तर बँड कुणालाच माहीत नसता असा घ्यायला हवा होता.

क्रमाने जाणंही चुकलं असावं. २०००पासून पुढे जाताना जवळजवळ प्रत्येक अल्बम आधीच्याहून लांब आणि संथ वाटत जातो, उतरणच दिसते. उलट क्रमाने, ‘सेंजुत्सू’पासून मागे गेलो असतो तर कदाचित ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ उथळ वाटला असता. हे लिहिताना माझाच हात अडखळतोय.

तीन ऐकण्यांची अट ठेवली, पण कुठे ऐकायचं हे सांगितलं नाही. बँकवाल्यांनी तीनपैकी दोनदा फिरताना ऐकला, साउंडवाल्याने गाडीत, बाईंनी पेपर तपासताना. अकरावीतली कॅसेट मात्र सगळ्यांनी जमिनीवर बसून, काहीही न करता ऐकली होती. ही तुलना आम्ही लावलीच नाही. आणि अट मोडणाऱ्याला गप्प बसवलं, त्याऐवजी ‘मी एकदाच ऐकलाय’ एवढं आधी सांगून बोलू दिलं असतं, तर धाकटा टिकला असता.

शेवटचं, आम्ही ब्लेझ बेलीचे दोन अल्बम वगळले. ‘त्यावर काय बोलायचं’ म्हणून, एकमताने. ज्या एका गोष्टीवर सातही जणांचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं तीच कुणी तपासली नाही. त्यातली ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ डिकिन्सन स्वतः स्टेजवर गात आला आहे. कॉलेजवालीने आता तेच मागितलंय: पुढच्या शनिवारी ‘द एक्स फॅक्टर’, सलग. मी वहीत रकाना आखून सगळ्यांना फिरवली. ‘आजवर किती वेळा’ याखाली बँकवाल्यांनी लिहिलंय: एकदा, १९९५, अर्धा.